खान्देशातल्या थंडीत टेकऑफआधी विमानाचे कंट्रोल कसे तपासायचे

खान्देश म्हटलं की लोकांना भुसावळ-जळगावचं ४५ डिग्रीचं ऊन आठवतं, त्यामुळे इथल्या एअरस्ट्रिपवर शिकणाऱ्या पोरांना पंखावर बर्फ जमू शकतो असं सांगितलं तर आधी विश्वासच बसत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कितीतरी वेळा ५-६ अंशांवर येतो, काही वर्षी त्याच्याही खाली जातो, सातपुड्यात डाब, वालंबा, तोरणमाळकडे गवतावरचं दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात, आणि त्याच पहाटे शिरपूर, गोंदूर, जळगावकडे पहिल्या सॉर्टीची (उड्डाणाची) तयारी चाललेली असते. शिवाय इथं शिकलेली पोरं इथंच थोडी राहणार आहेत, उद्या कोणी श्रीनगर-लेहला जाईल, कोणी कॅनडात उड्डाणाचे तास भरायला जाईल, तिथं ही सवय आयत्या वेळी लागत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी हे समजून घ्या की थर्मामीटर ४-५ अंश दाखवत असताना पंखावर बर्फ कसा काय. हवामान खात्याचं तापमान जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर, हवेशीर पेटीत, सावलीत मोजलेलं असतं. पंखाची वरची बाजू मात्र रात्रभर उघड्या आभाळाकडे तोंड करून असते, ढग नाही, वारा नाही, हवा कोरडी, मग ती आपली उष्णता सरळ आभाळात सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी अंश थंड होते. पातळ पत्रा तर फार लवकर थंड होतो. रावेर-यावल-चोपड्याकडचे केळीवाले अशा रात्री बांधावर शेकोट्या करून धूर करतात, रात्रीचं पाणी देतात, त्यांना ही रात्र बरोबर ओळखू येते: आभाळ निरभ्र, पान हलत नाही, चांदण्या स्वच्छ. तुमच्या गावाकडच्या माणसानं फोनवर "आज केळीला धूर करावा लागेल भो" म्हटलं की उद्या पहाटे शिडी आणि टॉर्च लागणार असं समजा.

पंखातलं पेट्रोलही रात्रभर थंड होतं आणि टाकीवरचा पत्रा सकाळी उशिरापर्यंत थंडच ठेवतं. म्हणून कधीकधी बाकीचं विमान कोरडं आणि टाकीच्या वरचा तेवढाच भाग पांढरा किंवा ओला दिसतो.

आता थंडीनं कंट्रोलचं, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या भागांचं, नेमकं काय बिघडतं. चार गोष्टी आहेत आणि चारही वेगळ्या आहेत, लोक फक्त पहिलीच धरून बसतात.

पहिली म्हणजे पंखाचा आकार. मध्यम किंवा जाड पॉलिश पेपर असतो ना, तेवढ्या खरखरीत आणि तेवढ्याच जाडीच्या बर्फाच्या थरानं लिफ्ट (विमान उचलणारा जोर) ३० टक्क्यांपर्यंत कमी होते आणि ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा जोर) ४० टक्क्यांपर्यंत वाढतो, हा आकडा ट्रेनिंगमध्ये सगळीकडे शिकवतात आणि तो पाठच असला पाहिजे. पण कंट्रोलच्या दृष्टीनं खरी भीती पुढे आहे. असा पंख हवेशी नेहमीपेक्षा कमी अँगलला स्टॉल होतो, म्हणजे उचलणं सोडतो, आणि स्टॉल वॉर्निंग मात्र स्वच्छ पंखाच्या हिशोबानं लावलेली असते, म्हणजे हॉर्न वाजायच्या आधीच पंखानं हात टेकलेले असतात. त्यात दोन्ही पंखांवर बर्फ सारखा नसतो. विमान उत्तर-दक्षिण उभं असेल तर पूर्वेकडच्या पंखावर ऊन आधी येतं, तो मोकळा होतो, दुसरा फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) सावलीत पांढराच राहतो. रोटेट केलं, म्हणजे टेकऑफला नाक उचललं, की एक पंख आधी पडतो, तुम्ही उलट बाजूला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) देता, आणि स्टॉलच्या काठावरच्या पंखाचं एलेरॉन खाली गेलं की तो पंख आणखीच पडतो. ४ जानेवारी २००२ ला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एक चॅलेंजर ६०४ बिझनेस जेट अगदी असंच गेलं, पंखावर रात्रीचा फ्रॉस्ट (गोठलेल्या दवाचा थर) होता, तो काढला नाही, चाकं सुटताच विमान डावीकडे कलंडलं आणि पाचही जण गेले. तिथं बर्फाचं वादळ वगैरे काही नव्हतं, रात्री जमलेला साधा फ्रॉस्ट होता.

दुसरी गोष्ट म्हणजे कंट्रोल अडकणं. दव किंवा धुतल्याचं पाणी हिंजच्या (बिजागरीच्या) फटीत उतरतं आणि तिथं गोठतं. तिसरी म्हणजे बॅलन्स. एलेरॉन, एलिव्हेटर (टेलचा नाक वर-खाली करणारा भाग), रडर (टेलचा नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) हे हिंजच्या पुढे वजन लावून बॅलन्स केलेले असतात, आणि आत साचलेलं पाणी मागच्या कडेकडे जाऊन गोठलं तर सगळा हिशोब मागे सरकतो. जमिनीवर कंट्रोल एकदम मोकळा लागतो, हात फिरवून काही कळत नाही, आणि वेग वाढला की फ्लटर (कंट्रोलची जोरदार थरथर) सुरू होऊ शकतो, जो काही सेकंदात कंट्रोल सरफेस उखडून काढतो. यावर तुमच्या हातात एकच उपाय आहे, मागच्या कडेच्या खालची ड्रेन होल मोकळी ठेवणं, आणि आपल्याकडे काळ्या मातीची धूळ दवात भिजून तीच होल बुजवते.

चौथी गोष्ट केबल, म्हणजे कॉकपिटमधून कंट्रोल ओढणारी तार. ॲल्युमिनियम थंडीत आकसतं ते साध्या गॅल्व्हनाइज्ड स्टीलच्या जवळजवळ दुप्पट. बॉडी जास्त आकसली, आतली केबल कमी आकसली, म्हणजे केबल सैल पडली. साधा हिशोब करा, ६ मीटरची केबल दुपारी ३५ अंशात टाइट केली आणि पहाटे ५ अंश झाले तर दोन्हीतला फरक दीड-दोन मिलिमीटर होतो. ऐकायला कमी वाटतं, पण केबल टेन्शनच्या मानानं तो बराच आहे. म्हणून मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये तापमान आणि टेन्शनचा चार्ट असतो आणि एएमई (विमानाची देखभाल करणारा इंजिनिअर) टेन्शनमीटर लावताना बाहेरचं तापमान आधी बघतो. मे महिन्यात रिगिंग (केबल आणि कंट्रोलची जुळवणी) केलेलं विमान जानेवारीत योकवर (पायलटच्या हातातल्या स्टिअरिंगवर) थोडं रिकामं हलत असेल तर "जुनं झालंय, चालतं" म्हणून सोडू नका. डायमंड डीए-४० सारख्या कंपोझिट विमानात एलेरॉन आणि एलिव्हेटर पुशरॉडवर (केबलऐवजी कडक दांड्यांवर) चालतात, तिथं हा त्रास कमी, पण रडरला केबल असतेच.

आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करा

निम्मं काम संध्याकाळीच होतं. हँगरमध्ये जागा असेल तर आत लावा, हा सगळ्यात चांगला उपाय आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही. बाहेरच ठेवायचं असेल तर अशा जागी लावा की सकाळचं ऊन दोन्ही पंखांवर आणि टेलवर एकाच वेळी येईल, हँगरची किंवा झाडाची सावली टेलवर पडणार नाही. विंग कव्हर असतील तर टाका, पण कोरड्या पंखावर. ओल्या पंखावर टाकलेलं कव्हर पहाटे पंखालाच चिकटलेलं सापडतं. पिटोला (वेग मोजणाऱ्या नळीला) कव्हर लावा, कंट्रोल लॉक लावा.

विमान धुवायचं असेल तर थंडीत दुपारी १२ च्या आत धुवा म्हणजे संध्याकाळपर्यंत हिंज सुकतात. चार-पाच वाजता पाइप मारून ठेवलेलं विमान म्हणजे सगळ्या फटीत पाणी भरून ठेवलं आणि वर रात्र दिली. धुतल्यावर एलेरॉन, एलिव्हेटर वरखाली करून पाणी गळू द्या, ड्रेन होलमधून थेंब पडताना डोळ्यांनी बघा. एखाद्यातून काहीच पडत नसेल तर ते बुजलंय, एएमईला सांगा, तार घालून स्वतः कोरू नका.

सकाळी हात लावून बघा

वॉकअराउंडला (विमानाभोवतीच्या तपासणीच्या फेरीला) घाई नको, उजेड हवा. अंधार असेल तर टॉर्च पत्र्यावर सरळ न मारता अगदी आडवी, पत्र्याला समांतर धरा, मग बारीक खरखरीतपणा सावली टाकतो आणि दिसतो. पांढऱ्या रंगावर पांढरा फ्रॉस्ट दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर अवलंबून राहू नका. ग्लव्ह काढा आणि उघडा तळहात फिरवा, लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) मागे, टाकीच्या वरून, एलेरॉनच्या वरून. गुळगुळीत लागलं पाहिजे, ओलं असेल तरी गुळगुळीत.

सेसना १७२ या शिकाऊ विमानाचा पंख वर असतो, खालून बघितला तर नेहमीच स्वच्छ दिसतो. शिडी लावा. इंधन डिपने मोजायला वर चढताच ना, मग त्याच वेळी पूर्ण पंखावरून हात फिरवा, फक्त कॅपच्या आजूबाजूला नाही. हाताचं एवढं का सांगतोय तर २७ डिसेंबर १९९१ ला स्टॉकहोमहून निघालेल्या एसएएस कंपनीच्या एमडी-८१ विमानाचं उदाहरण आहे, टाकीतल्या थंडगार इंधनामुळे पंखावर काचेसारखा पारदर्शक बर्फ होता, तो कोणाला कळला नाही, टेकऑफच्या वेळी सुटून मागच्या इंजिनांत गेला आणि दोन्ही इंजिनं गेली. विमान शेतात उतरवलं, सगळे १२९ जण वाचले, पण तो बर्फ नुसत्या नजरेला दिसण्यासारखा नव्हताच.

आता टेल, आणि इथं मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगतो, कारण पोरं पंखाला वेळ देतात आणि टेलपाशी फक्त चक्कर मारतात. एलिव्हेटरच्या टोकाला बॅलन्स वजनाचा जो शिंगासारखा पुढे आलेला भाग असतो, तो आणि स्टॅबिलायझर (टेलचा आडवा स्थिर पंख) यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिथं वाकून बघा. वरून पाणी वाहत येऊन त्याच फटीत थांबतं, आणि तिथं गोठलेला छोटासा खडाही एलिव्हेटरला एका दिशेला अडवायला पुरतो. मग एलिव्हेटर हातानं हळू वर न्या, पूर्ण थांबेपर्यंत, हळू खाली आणा. करकर आवाज आला, मध्येच टक्क करून सुटला, किंवा एका बाजूला दुसऱ्यापेक्षा आधी थांबला तर काहीतरी आहे. जोर लावून मोकळा करू नका, जोरानं बर्फ तुटतो तसा हिंजही वाकतो.

मग ट्रिम टॅब, एलिव्हेटरचं हातावरचं वजन काढणारी छोटी पट्टी. १७२ मध्ये तो उजव्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला असतो, त्याचा बारीक रॉड आणि स्क्रू जिथं आत जातो तिथं पाणी आणि धुळीचा चिखल बसतो. ट्रिम अडकला तर एलिव्हेटर हलतो पण हातावरचं वजन जात नाही, आणि नवा सोलो विद्यार्थी टेकऑफनंतर त्याच ओझ्यात गुंतून पडतो. कॉकपिटमधून ट्रिम व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि मित्राला मागे उभं करून टॅब खरंच हलतोय का ते विचारा, मग परत टेकऑफच्या खुणेवर आणा.

रडरचा खालचा हिंज बघा, तिथं मागच्या चाकांनी उडवलेला चिखल किंवा रात्रीचं पाणी असतं. एलेरॉनचे हिंज आणि पुशरॉड जोडलेली जागा खालून टॉर्चनं बघा. फ्लॅपच्या (पंखाच्या मागे खाली उतरणाऱ्या भागाच्या) ट्रॅकमधले रोलर बघितल्याशिवाय फ्लॅपचा स्विच दाबू नका, फ्लॅप इलेक्ट्रिक मोटरवर चालतो, त्याला अडथळा जाणवत नाही, तो आपला ओढत राहतो.

पिटो, स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र) आणि स्टॉल वॉर्निंगचं छिद्र किंवा पाती, हे कंट्रोल नाहीत पण यांच्याशिवाय कंट्रोल आंधळे असतात, त्यामुळे तेही त्याच फेरीत. आपल्याकडे कुंभारीण माशी पिटोत माती भरते हे वेगळं, ते तर बाराही महिने बघायचं.

बर्फ काढायचा कसा

आपल्याकडे सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चांगला उपाय ऊन. विमान उन्हात फिरवा आणि थांबा. मऊ केसाचा ब्रश, मऊ कापड चालतं, पंखाच्या लांबीच्या दिशेनं किंवा पुढून मागे, हिंजच्या फटीत ढकलायचं नाही. मोठ्या पंखाला दोरी नाही तर लांब कापड धरून दोघांनी घासायची पद्धत आहे, तीही चालते, अँटेना सांभाळा. खरवडायचं अजिबात नाही, पट्टी नाही, एटीएम कार्ड नाही.

गरम पाण्याची बादली आणणारे लोक आहेत, त्यांना थांबवा. पंखावरचा बर्फ जातो खरा, पण ते पाणी एलेरॉनच्या फटीत उतरतं आणि पत्रा अजून थंड असेल तर तिथं परत गोठतं, म्हणजे दिसणारा बर्फ काढून न दिसणारा तयार केला. उन्हानं वितळल्यावरही हेच लक्षात ठेवा. वरचा थर पाणी झाला म्हणजे काम संपलं असं नाही, ते पाणी पुसा, हिंजपाशी कोरडं कापड लावा, आणि मग प्रत्येक कंट्रोल परत एकदा पूर्ण हलवा. दुसऱ्या विमानाच्या मागे उभं राहून त्याच्या गरम हवेनं बर्फ घालवायचा विचारही नको. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनहून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ नं पुढच्या डीसी-९ च्या जवळ मागे उभं राहून तेच केलं, इंजिनचं अँटी-आइस चालू नव्हतं, विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळलं, विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ असे ७८ जण गेले.

थोडा फ्रॉस्ट घासून गुळगुळीत केला की चालतो, असं जुने लोक सांगतील. अमेरिकेत त्याची परवानगी होती, तिथल्या विमान वाहतूक नियामकानं, एफएएनं, ती २०१० मध्ये काढून टाकली. पंख, टेल, कंट्रोल, प्रोपेलर, यावर काहीच नको, एवढा एकच नियम ठेवा.

कॉकपिटमधला कंट्रोल चेक

चेकलिस्टमध्ये "फ्लाइट कंट्रोल्स, फ्री अँड करेक्ट" ही एक ओळ असते आणि बहुतेक जण योक गोल फिरवून तोंडानं म्हणून मोकळे होतात. थंडीत हा चेक हळू करायचा. योक पूर्ण डावीकडे, थांबा, डावीकडे बघा, डावं एलेरॉन वर, उजवं खाली. पूर्ण उजवीकडे, थांबा, बघा. योकवर अंगठा उभा ठेवा, योक फिरवलं की अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचं एलेरॉन वर असलं पाहिजे. मग पूर्ण मागे, पूर्ण पुढे, आणि मान वळवून एलिव्हेटर बघा, दिसत नसेल तर बाहेरच्या माणसाला खूण विचारा. आणखी एक, योक पूर्ण मागे धरून डावी-उजवीकडे फिरवा, काही अडचणी फक्त दोन कंट्रोल एकत्र टोकाला गेल्यावरच सापडतात.

जोर किती लागतो याकडे लक्ष द्या. थंडीत ग्रीस घट्ट होतं, म्हणून सकाळी सगळेच कंट्रोल थोडे जड असतात आणि चार-सहा वेळा हलवल्यावर हलके होतात. ते सगळीकडे सारखं जड असतं. एकाच जागी जड, एकाच दिशेला जड, किंवा हलवून हलवून तसंच जड, ते ग्रीस नाही. १७२ चा रडर नोजव्हीलशी जोडलेला असल्यामुळे उभ्या विमानात जडच लागतो, तो टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) तपासा.

हा चेक दोनदा करा, एकदा स्टार्टनंतर, एकदा रनवेच्या आधी. मधल्या वेळात टॅक्सीवेवरच्या डबक्यातून चाकं गेली तर पाणी फ्लॅप आणि एलिव्हेटरच्या खाली उडतं. डबकं टाळा, टाळता नाही आलं तर हळू जा आणि परत बघा. बर्फाच्या देशात स्लश (अर्धवट वितळलेला बर्फ) असेल तर फ्लॅप टेकऑफच्या ठिकाणी जाईपर्यंत वरच ठेवतात, तेही यासाठीच.

मोठ्या विमानांवर जाणाऱ्यांसाठी

डीआयसिंगचं (विमानावरचा बर्फ काढायचं) फ्लुइड चार प्रकारचं असतं, टाइप १ नारिंगी आणि पातळ, गरम करून बर्फ काढायला, टाइप ४ हिरवं आणि घट्ट, नवा बर्फ काही वेळ बसू नये म्हणून, मधले दोन त्या दरम्यान. प्रत्येकाला तापमान आणि पडणाऱ्या बर्फानुसार होल्डओव्हर टाइम (फ्लुइडचा असर टिकण्याचा वेळ) असतो, तो संपला की परत तपासणी नाही तर परत फवारणी. २२ मार्च १९९२ ला न्यूयॉर्कच्या लागार्डियाला यूएसएअरचं फोकर एफ-२८ दुसऱ्या डीआयसिंगनंतर साधारण ३५ मिनिटांनी टेकऑफला गेलं, तोवर पंखावर परत बर्फ बसला होता, २७ जण गेले. त्याच्या तीन वर्षं आधी, १० मार्च १९८९ ला, कॅनडात ड्रायडनला त्याच प्रकारचं विमान पंखावर बर्फ घेऊनच निघालं आणि २४ जण गेले. तिथं केबिनमधल्या लोकांना पंखावरचा बर्फ खिडकीतून दिसत होता आणि कॉकपिटपर्यंत कोणी सांगितलं नाही. म्हणून केबिन क्रूमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलींनाही सांगतो, दिसलं की सांगायचं, कॅप्टन रागावला तरी.

आणि एक लपलेली गोष्ट, घट्ट फ्लुइड वाळून त्याची पावडर एलिव्हेटर-एलेरॉनच्या फटीत बसते. पुढे पावसात किंवा धुतल्यावर ती पाणी शोषून जेलीसारखी फुगते आणि वर थंडीत गोठते. बीएई १४६ सारख्या विमानांत यामुळे उडताना कंट्रोल जड झाल्याच्या घटना युरोपात झाल्या. म्हणून फक्त फवारायचं नाही, हिंजच्या फटी नंतर धुऊन तपासायच्याही असतात.

नाही म्हणायची वेळ

सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सला) २०० तास लागतात, पैसे भरलेले असतात, सकाळचा स्लॉट एकदा गेला तर दिवस जातो, हे सगळं मला कळतं. तरी "सर, डाव्या पंखावर अजून पांढरं आहे, अर्धा तास थांबू या" असं सरांना सांगायला लाजू नका. आपल्याकडचं ऊन आठ-साडेआठला पंख साफ करून देतं, लेहमधल्या लोकांना ही चैन नाही. टेकऑफ रोलमध्ये योक वेगळा लागला तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक, रनवे समोर असेपर्यंत निर्णय सोपा असतो.

आणि कंट्रोल अडकला म्हणून परत आलात तर टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) नुसतं "कंट्रोल्स स्टिफ" लिहू नका. कुठला कंट्रोल, कुठल्या दिशेला, साधारण किती हलल्यावर अडला, इंजिन चालू होतं की बंद, बाहेरचं तापमान किती, रात्री विमान बाहेर होतं का, आदल्या दिवशी धुतलं होतं का, हे सगळं लिहा. नाहीतर एएमई दुपारी १ वाजता ३० अंशात विमान बघायला येतो, तोवर फटीतला बर्फ पाणी होऊन गळून गेलेला असतो, केबल परत ताणलेली असते, आणि त्याच्या हाताला सगळं एकदम बरोबर लागतं.